अर्धा पिक्चर
हल्ली अमरावतीवरून विमानाचा आवाज गेला, की मला ती दुपार आठवते. तरुणपणी बाबांनी जिवलग मित्रासोबत लढाऊ विमानांचा एक इंग्रजी पिक्चर पाहिला होता. त्याचा दुसरा भाग येईल म्हणून ते वर्षानुवर्षं वाट पाहत राहिले. मधल्या काळात शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, भांडण होऊन मित्राशी मात्र बोलणं तुटलं. अखेर तो पिक्चर आला आणि मी बाबांना वरूडहून अमरावतीच्या थिएटरात घेऊन आले. थंडगार अंधारात विमानं पांढऱ्या ढगांतून तरंगत होती, खुर्च्या हलकेच थरथरत होत्या आणि बाबा भान हरपून पाहत होते. इंटरव्हलला दिवे लागले तर पुढच्याच रांगेत ते मित्र एकटेच बसलेले. त्यांनी वळून बाबांकडं पाहिलं. मग म्हणाले, "काहून बे, मले सोडून आला?" बाबा म्हणाले, "तू तरी कुठं थांबला माह्यासाठी?" दोघं चहाला बाहेर गेले. मी मागोमाग गेले, तर पायऱ्यांवर बसून, हातांची विमानं करून, ते तो जुना पिक्चर एकमेकांना सांगून राहिले होते. आत पिक्चर पुन्हा सुरू झाला, पण उठायचं कोणाच्याच मनात नव्हतं. मीही उन्हात त्यांच्याजवळ बसून राहिले. त्या पिक्चरचा शेवट आम्ही तिघांनीही आजवर पाहिलेला नाही.