शिवणीतले दोन इंच

आमच्या घराण्यात पहिला बी.ए. मी झालो. मग लॉला नाव घातलं आणि पहिल्याच परीक्षेत नापास झालो. पुस्तकं गुंडाळून ठेवावीत असं वाटत होतं. पण मल्लेश्वरमला शिंप्याचं दुकान चालवणाऱ्या माझ्या वडिलांनी, अण्णांनी, माझा काळा वकिली कोट आधीच शिवून दुकानात टांगला होता. गिऱ्हाइकं विचारत, "कुणाचा हो?"

"मुलाचा. वकील आहे. परीक्षा तेवढी राहिलीय."

मी म्हटलं, "अण्णा, कोट उतरवा. मला जमायचं नाही."

"स्वल्प थांब," ते कानडी वळणानं म्हणाले. "शिवणीत दोन इंच कापड राखलंय. उशीर झाला, जाड झालास, तरी चालेल."

मी पुन्हा अभ्यासाला बसलो. वकील झालो तेव्हा त्यातला एकच इंच सोडावा लागला.