खांबाला टांगलेला फोन

मी नर्स होते त्या दवाखान्यात कॉम्प्युटर आला तेव्हा पेढे वाटले होते. मीही दोन खाल्ले. आता ते पेढे आठवले तरी तोंड कडू होतं.

त्याआधी मी इंजेक्शन आधी द्यायची आणि नोंद मागाहून करायची. एकदा नोंद राहिली आणि मला मेमो मिळाला. शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात. मीही शहाण्यासारखी सुधारले.

भातकापणीचे दिवस होते. भर दुपारी कुंभारवाड्याकडच्या एका वाडीतून नाग चावलेली बाई आणली. दीर, सासू, शेजारीपाजारी, जीप भरून माणसं आली होती. बाई बोलत होती, पण पापण्या जड झाल्या होत्या. डॉक्टरांनी सर्पदंशाचं औषध लिहिलं. सिस्टीममध्ये नोंद झाल्याशिवाय ते कपाटातून काढायचं नाही असा नियम होता. बाळंतपणापासून तिचं नाव सिस्टीममध्ये होतंच, पण ते उघडायला ओटीपी हवा होता.

"फोन कुणाकडं हाय?" मी विचारलं.

"घरीच हाय अक्का, खांबाला टांगलाय," दीर म्हणाला.

त्यांच्या वाडीत रेंज एकाच ओसरीवर यायची. तिथल्या खांबाला डब्यात एक फोन कायम टांगलेला, आणि अख्ख्या वाडीनं सगळ्या सरकारी कागदांवर तोच नंबर दिलेला. ओटीपी तिकडं डब्यात वाजत होता. पण ऐकणार कोण? निम्मी वाडी माझ्यासमोर उभी होती, उरलेली शेतात.

मी पुन्हा पाठवला. मग पुन्हा. दीर दवाखान्याच्या फोनवरून तोच नंबर लावत राहिला. शेवटी डॉक्टर माझ्यावर ओरडले, तेव्हा मी कपाट उघडलं. किल्ली माझ्याच कमरेला होती. अर्धा तास मी मेमोला भीत बसले होते, दुसरं काही नाही.

औषध टोचून मोठ्या इस्पितळाकडे नेताना, रामनगरच्या अलीकडेच तिचा श्वास थांबला.

चौकशीला आलेले साहेब पंख्याखाली बसून म्हणाले, "बेवारस म्हणून का नाही नोंदवलंत? त्याला ओटीपी लागत नाही." मला हे कुणी शिकवलं नव्हतं. शिकवलं असतं तरी सासू उशाशी बसलेल्या बाईला मी बेवारस लिहिलं असतं का, कोण जाणे. रस्त्याकडेला एकटी सापडली असती, तर कदाचित जगली असती.

महिन्याभरानं मरणाचा दाखला न्यायला तिची सासू आली. कागद पदरात गुंडाळत म्हणाली, "अक्का, पोरगी येकटी न्हवती. आमी समदी होतो संगट. तेवढं तरी बरं झालं न्हवं?"

"व्हय," मी म्हणाले, "बरं झालं."