मी काढून टाकलेला स्टेअरिंगचा कूलर

भाऊशेठची गाडी मिठागरात नाक खुपसून उभी आहे, हा निरोप आला तेव्हा मी गॅरेजमागे डबा उघडून बसलो होतो. निरोप आणणाऱ्या सायकलवाल्याने पुढचंही सांगितलं. शेठची म्हातारी आई गाडीत होती, तिचं मनगट मोडलंय. ड्रायव्हर शिर्केमामांना काही लागलेलं नाही. स्टेअरिंग एकाएकी जड झालं असं ते म्हणतायत, पण शेठ ऐकून घ्यायच्या मनःस्थितीत नाही.

स्टेअरिंग जड का झालं, हे त्या घडीला सगळ्या भाईंदरात मला एकट्याला ठाऊक होतं.

गोष्ट सत्तरच्या दशकातली. पेट्रोलचे भाव भडकले होते आणि मुंबईतले व्यापारी आपल्या मोठाल्या अमेरिकन गाड्या मिळेल त्या किमतीला काढून टाकत होते. त्यातलीच एक भाऊशेठने घेतली. भाऊशेठ म्हणजे भाईंदरचे जुने जमीनवाले. मिठागरं, भातशेती, घरात माणसांचा राबता. गाडी एवढी लांब की गल्लीत शिरली की दोन्ही बाजूंच्या ओट्यांवरची माणसं पाय वर घ्यायची. माझं गॅरेज काशीमीऱ्याला, हायवेच्या कडेला. मुंबईत इम्पोर्टेड गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये मी नऊ वर्षं काढली होती, त्यामुळे ही गाडी माझ्याकडेच येणार हे ठरलेलं. आणि खोटं कशाला बोलू, मला त्याचा माज होता.

या गाडीला पॉवर स्टेअरिंग होतं. तेव्हा आपल्याकडे फार कुणी ते पाहिलेलं नव्हतं, म्हणून थोडं सांगतो. इंजिनच्या पट्ट्यावर एक पंप फिरतो. तो तेलाला दाब देतो आणि ते तेल चाकं वळवायला मदत करतं. त्यामुळे एका बोटाने स्टेअरिंग फिरतं. काम करून तेल तापतं. ते परत पंपाकडे जाताना कंपनीने त्याला रेडिएटरच्या पुढून फिरवून आणलेलं असतं, केसांच्या आकड्यासारख्या वळवलेल्या एका नळीतून. वारा लागतो, तेल गार होतं. त्या नळीला कूलर म्हणायचं. बस, एवढंच.

भाईंदरची हवा खारी. मिठागराच्या काठी उभ्या राहणाऱ्या गाडीचा पत्रा दोन पावसाळ्यांत चाळणी होतो, तिथे ती बारकी नळी काय टिकणार? गंजली आणि गळायला लागली. शिर्केमामा गाडी घेऊन आले तो गुरुवार होता. रविवारी शेठच्या पुतणीचं लग्न, नवरी त्याच गाडीतून जायची. तसा कूलर बाजारात मिळणं शक्य नव्हतं. मुंबईहून स्टीलची नळी आणून, वाकवून, तसाच नवा करता आला असता. चार दिवस लागले असते.

मी म्हटलं, कशाला हवाय कूलर?

हे माझ्या डोक्यात कुठून आलं तेही सांगतो. परदेशी गाडी हाताखाली आली की आधी तिचा थर्मोस्टॅट काढून फेकायचा, ही आमच्या लाइनची रीतच होती. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन गार असताना पाण्याची वाट अडवून धरणारी झडप. थंड मुलखात इंजिन लवकर तापावं म्हणून ती लावतात, आपल्याकडे तिचं काय काम, असं आम्ही एकमेकांना सांगायचो. वर्षानुवर्षं काढत आलो, कुणाचं काही अडलं नाही. मग सवय लागते. परदेशी गाडीत जे जे आपल्याला समजत नाही ते ते जादा आहे, असं वाटायला लागतं. मी हिशेब केला की तिकडची माणसं तासन् तास सुसाट गाड्या हाणतात, म्हणून त्यांचं तेल तापतं. इथे बैलगाडीच्या रस्त्याने जाणाऱ्या गाडीचं तेल कशाला तापतंय? कूलर काढला. दोन टोकं रबरी पाइपने जोडली. पाइपसुद्धा तेलाचा नव्हता, पाण्याचा होता. हाताशी तोच होता. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा, म्हणतात ते खोटं नाही.

लग्न व्यवस्थित पार पडलं. शेठने मला लाडवांचा पुडा पाठवला आणि मी तो ऐटीत खाल्ला.

शिर्केमामा रत्नागिरीकडचे. पन्नाशी उलटलेली, अठ्ठावीस वर्षं ड्रायव्हरी. आधी ट्रक, मग एसटी, मग ही शेठची गाडी. अठ्ठावीस वर्षांत कोंबडीसुद्धा चाकाखाली आली नाही, हे ते वरचेवर सांगायचे आणि ते खरं होतं. लग्नानंतर आठवड्याभरात ते माझ्याकडे आले. म्हणाले, मिठागराच्या बांधावर गाडी वळवताना स्टेअरिंग कण्हतं आणि तेलाचा वास येतो. मी बॉनेट उघडून बघितल्यासारखं केलं आणि तेल भरलं. दुसऱ्यांदा आले तेव्हा मी म्हटलं, पंप जुना आहे, आवाज करणारच.

तिसऱ्यांदा आले तेव्हा गॅरेजात चार गिऱ्हाइकं होती. मला माज चढलाच. मी म्हटलं, "मामा, ही एसटी नाही. हात हलका ठेवा. तुम्ही मुसळ धरल्यासारखं स्टेअरिंग धरता." सगळे हसले. मामाही हसले, आणि हाताचे दोन्ही पंजे उलटसुलट करून बघत राहिले.

बांधावर काय होत होतं, ते मी तेव्हा जाऊन बघितलं असतं तर कळलं असतं. बांध अरुंद, गाडी लांब. ती फिरवायची म्हणजे दहा-बारा वेळा पुढे-मागे घ्यावी लागायची, दर वेळी स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत. पॉवर स्टेअरिंगचं तेल सगळ्यांत जास्त तापतं ते असंच, उभ्या गाडीची चाकं वळवताना. सुसाट धावताना नाही. वर गाडी जागच्या जागी, वाराही नाही. म्हणजे अमेरिकेतल्या हायवेला त्या कूलरची जेवढी गरज नव्हती तेवढी भाईंदरच्या बांधावर होती. माझा हिशेब बरोबर उलटा होता.

डबा तसाच टाकून मी गेलो. गाडी बांधावरून घसरून मिठाच्या पाण्यात उतरली होती. शेठचे गडी आणि एक ट्रक लावून ती वर काढली आणि गॅरेजला आणली. बॉनेट मी स्वतः उघडलं, दुसऱ्या कुणाला जवळ येऊ दिलं नाही. माझा पाइप गरम तेलाने चहात बुडवलेल्या पावासारखा फुगून फाटला होता. तेल सगळं बाहेर. पंप कोरडा. बोटाने फिरणारं स्टेअरिंग ऐन वळणात दगड झालं होतं. मामांच्या जागी कुणीही असता तरी गाडी खालीच गेली असती.

मी तो पाइप कापून काढला आणि भंगाराच्या पिंपात तळाशी घातला.

संध्याकाळ व्हायच्या आत भाऊशेठ आले. बरोबर मामा होते, गुडघ्यापर्यंत चिखल वाळलेला. शेठ गाडीकडे न बघता थेट माझ्याकडे आले.

"मना सरळ सांग, मिस्त्री. चूक गारीची हाय का मानसाची?"

गॅरेज डोळ्यांपुढे आलं, मोठ्या घरांची गिऱ्हाइकं आली, माझं नाव आलं. मी म्हणालो, "शेठ, स्टेअरिंग पूर्ण वळवून धरून ठेवलं की तेलाचा दाब वाढतो, तेल तापतं. मग पाइप फाटतो."

यात एक शब्द खोटा नव्हता. म्हणूनच मला आजही त्याची जास्त लाज वाटते. सरळ खोटं बोललो असतो तर निदान बोलताना जीभ अडखळली असती. इथे मी मास्तरासारखा शांतपणे बोललो.

शेठने मामांकडे बघितलं. मामा वाद घालतील, तीनदा तक्रार घेऊन आलो होतो म्हणतील, असं मला वाटलं. खरं सांगायचं तर त्यांनी तसं म्हणावं अशी माझी इच्छा होती. मामा म्हणाले, "मिस्त्रींना त्यातलं कळतं. ते म्हणतायत तर माझाच हात चुकला असेल."

शेठने किल्ली मागून घेतली. नोकरी तिथल्या तिथे गेली.

पुढच्या आठवड्यात मी मुंबईला जाऊन स्टीलची नळी आणली. जुना कूलर अजून कोपऱ्यात पडला होता, त्याच्या मापाने नवा वाकवला, तेलाचा चांगला पाइप लावला, क्लिपा दोन-दोन घातल्या. मग स्वतः बांधावर गाडी नेऊन बारा वेळा पुढे-मागे केली. कण्हणं नाही, वास नाही. शेठने नवा ड्रायव्हर ठेवला, तरणा, फिल्मी केसांचा. महिन्याभराने शेठ मला म्हणाले, नव्याचा हात चांगला हाय, गारी कशी गप चालते. मी मान हलवली.

दोन महिने मी मूग गिळून बसलो. मग एका रविवारी पेणकरपाड्याला गेलो. मामा तिथे भाड्याच्या खोलीत राहायचे, बायको आणि दोन मुलींसह. खाकी शर्ट घालून निघायच्या तयारीत होते. एका कारखान्याच्या गेटवर वॉचमन लागले होते. मी विचारलं, ड्रायव्हरी कुठे नाही का मिळाली?

"मिळत होती," मामा म्हणाले. "ट्रान्सपोर्टवाला दोनदा येऊन गेला. मीच नाही म्हटलं. हात जड झालाय तर कशाला? म्हातारीचं मनगट मोडलं, उद्या कुणाचं पोर सापडेल."

मला बसायला सांगितलं होतं, मी उभाच राहिलो. कूलरपासून भंगारातल्या पाइपापर्यंत सगळं सांगितलं. मध्ये कुठे थांबलो नाही, थांबलो असतो तर परत सुरू करता आलं नसतं. त्यांची बायको दारात चहाचे कप घेऊन तशीच उभी राहिली. मामा बराच वेळ शर्टाचं बटण लावत होते.

"शेठला सांगितलंत?"

"नाही."

"मग मला कशाला सांगताय?"

मन हलकं करायला आलो होतो, तेही त्यांच्याच डोक्यावर ओझं ठेवून. चहा न घेता निघालो आणि तिथून तडक शेठच्या घरी गेलो. ओटीवर चार माणसं बसली होती. बाजूला या म्हणावंसं वाटलं, पण गॅरेजात मामांना हसणारी माणसंही चारच होती. सगळ्यांसमोर सांगितलं.

भाऊशेठ रागाने उठतील म्हणून मी तयारीत होतो. ते उठले नाहीत. आतल्या खोलीतून त्यांची आई खोकत होती.

"तवाच बोलला असतास तं चार शिव्या घातल्या असत्या न् इषय संपला असता," ते म्हणाले. "आता त्या मानसाला मी कंच्या तोंडानं बोलवू?"

तरी त्यांनी बोलावलं. मोठा माणूस, स्वतः पेणकरपाड्याला गेले, मामांच्या हातात किल्ली दिली. पुढच्या रविवारी मामा गाडीत बसले. शेठ मागे, मी पुढे मामांच्या शेजारी. मला शेठनेच बसवलं होतं. घरापासून मिठागरापर्यंत मामांनी गाडी पहिल्यासारखी नेली, गल्लीत ओट्यांना बोटभर अंतर ठेवून. बांधावर आलो. वळवायची वेळ आली. मामांनी स्टेअरिंग अर्धं फिरवलं आणि थांबले. पुन्हा अर्धं फिरवलं. दोन्ही पंजे थरथरत होते, ते मी इतक्या जवळून बघितले की नजर कुठे न्यावी कळेना. मामांनी इंजिन बंद केलं, खाली उतरले आणि किल्ली शेठच्या हातात दिली.

मला म्हणाले, "गाडी छान केलीत, मिस्त्री. एकदम हलकी आहे." मग बांधावरून चालत स्टेशनच्या दिशेने गेले. दुपारची ड्यूटी होती.

त्यानंतर ते कधी स्टेअरिंगवर बसले नाहीत. रिटायर होईपर्यंत गेटवर राहिले. शेठची गाडी वळवून परत मी आणली. माझा हात जरासुद्धा थरथरला नाही.

पुढे माझ्या हाताखाली बरेच मेकॅनिक तयार झाले. त्यांना दोन गोष्टी सांगायचो. कंपनीने लावलेला भाग काढायच्या आधी तो का लावलाय ते विचारा. आणि गिऱ्हाइकाने काय झालं असं विचारलं तर उत्तराची सुरुवात आपण काय केलं तिथपासून करा. पहिली गोष्ट सगळ्यांना पटायची. दुसरी सांगताना ते माझ्याकडे बघायचे आणि मी पाना शोधायला लागायचो.