सहा कुंड्या आणि माझं पाणी

अन्याय माझ्या बाबांवर झाला. मागच्या वर्षी, हनुमान जयंतीच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी आठच्या सुमारास, सौंसरच्या आमच्या घराच्या अंगणात. करणारी मी. साक्षीदार आई, भिंतीपलीकडच्या काकू आणि डॅफोडिलच्या सहा कुंड्या.

कंद ताईने पाठवले होते. ती हिमाचलात नर्स आहे, सुट्टी मिळाली तर वर्षातून एकदा येते. तिच्या दवाखान्यामागे ही पिवळी फुलं आपली आपण फुलतात म्हणे. फोनवर तिनं बाबांना डिवचलं, "आपल्या इकडे नाई येत हे. आपल्याकडे उन्हानं माणूस उकडते." बाबांचा जन्म संत्र्याच्या बागेत गेला. झाडाबद्दल "नाई येत" हे त्यांच्यापुढे बोलायचंच नसतं.

त्याआधीच्या दसऱ्याच्या आसपास कंद आले, दिसायला कांद्यासारखे. थंडी भेटावी म्हणून दोन महिने फ्रिजमध्ये ठेवायचे आणि शेजारी फळ ठेवायचं नाही, पिकत्या फळाची हवा लागली तर आतली कळी मरते, असं ताईचं फर्मान. संत्रेवाल्याच्या घरात फ्रिजमध्ये फळ नाही! आई म्हणाली, "मी दोन बाळंतपणं केली, एवढं पथ्य नाई पाळलं."

डिसेंबरात बाबांनी कन्हान नदीची रेती मातीत मिसळली आणि सहा कुंड्या भिंतीच्या सावलीला लावल्या. फेब्रुवारीत सहाच्या सहा फुलल्या. बाबांनी फोन फुलांपुढे धरला. ताई म्हणाली, "बाबा, पुढच्या वर्षी फुललं का मले सांगा. सुट्टी टाकून येतो."

बाबांसाठी त्या दिवसापासून ती फुलं नव्हती, ताईचं येणं होतं.

आता माझा गुन्हा. मी पत्रकं लिहिते. पाण्यावर, झाडांवर. हनुमान जयंतीला जामसांवलीच्या हनुमान मंदिरातल्या गर्दीत दिवसभर वाटली होती: 'उन्हाळा आला. दाराशी एक झाड आहे ना? मग एक बादली त्याची.' दुसऱ्या दिवशी पाहते तर आमच्याच दाराशी सहा कुंड्या कोरड्याठाक, पानं पिवळी पडून लोळलेली.

"बाबा, तुम्ही झाडं मारून राहिले!"

"मारत नाई पोरी. ताणावर सोडले. फूल झालं, आता पान वाळू दे, कंद झोपू दे. संत्र्याचं पाणी तोडतोच ना आपण बहारासाठी?"

"हे संत्रं नाही! जिवंत झाड आहे, तहानलंय!"

"संत्रं काय मुर्दा असते मंग?" आई दारातून म्हणाली.

काकूंनी भिंतीवरून विचारलं, "काय झालं वो?" मी त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बाबांना निर्दयी म्हटलं. तेवढ्यावर थांबले नाही. काळ्या शाईत चिठ्ठ्या लिहून सहाही कुंड्यांवर चिकटवल्या: 'या झाडाला पाणी नाकारले आहे.' बाबांनी एक चिठ्ठी वाचली, चष्मा पुसला आणि गाडी काढून बागेत निघून गेले.

मग रोज ते बागेत गेले की मी पाणी घालायची. तांब्याभर, कधी दोन. आठवड्याभरात एक कुंडी दिसेनाशी झाली. मेली असेल, बाबांनी फेकली असेल, असं धरून मी पुन्हा भांडले. ते "हं" म्हणाले आणि भाकरी कुस्करत बसले. उरलेल्या पाचांना मी आणखी पाणी पाजलं.

दसऱ्याला कंद परत फ्रिजमध्ये ठेवायचे म्हणून कुंड्या उलट्या केल्या. पहिलीतून सडलेल्या कंदाचा काळा लिबलिबीत चिखल निघाला. वास असा, की आईनं पदर नाकाला लावला. पाचही तशाच. मी मातीत हात घालून बसले होते. डोळ्यांपुढे ताई.

बाबा आत गेले आणि धान्याच्या खोलीतून सहावी कुंडी घेऊन आले. माझी चिठ्ठी तिच्यावर तशीच. माती भुरभुरीत, आत कोरडा टणक कंद, त्याला बिलगलेलं कंदाचंच एक छोटं पिल्लू.

"तुम्हाला माहीत होतं मी पाणी घालते?"

"माती ओली दिसे ना रोज."

"मग बोलले का नाही? सहाही का नाही उचलल्या?"

"सहा उचलल्या असत्या तर तुले समजलं असतं. तू एवढ्या मायेनं पाणी देऊन राहिली होती, तुले काय म्हणू?"

मी चिठ्ठी काढायला गेले, तर म्हणाले, "राहू दे. अक्षर चांगलं आहे."

या फेब्रुवारीत त्या कुंडीत एकच फूल आलं. ताई त्या एकासाठी आली, चार दिवस राहिली. रोज सकाळी चहा घेऊन बाबांशेजारी पायरीवर बसायची. दोघं फुलाकडे बघायचे आणि बोलायचे मात्र संत्र्याच्या भावाबद्दल.

ती गेली. आता ऊन तापलंय, कुंडीतली पानं पिवळी पडून लोळली आहेत. काकूंनी कालच भिंतीवरून तांब्या पुढे केला होता, मी वेळेवर पोचले. कुंडीवर नवी चिठ्ठी आहे, अक्षर माझंच, मजकूर बाबांचा: 'कंद झोपू दे.' तुम्ही आमच्या घरी याल, तहानलेली कुंडी बघून तुमचाही जीव कळवळेल. तांब्या खाली ठेवा. एक थेंब घालू नका. आधी बाबांना विचारा, आणि त्यांचं बोलणं संपेपर्यंत ऐका.