बाभळीपासून चौथी

सिपोरा मावशीचं एकच म्हणणं होतं, मेल्यावर मले हनोकच्या बाजूले झोपवा. हनोक म्हणजे तिचा नवरा. दुसरं काही या बाईनं जन्मात मागितलं नाही, आणि तेवढंही आमच्या गावाच्यानं झालं नाही.

हे यहुदी लोक. घाण्यावर तेल काढत, शनवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गाव त्याहिले शनवारतेली म्हणे. मावशी लग्न होऊन आली तवा त्यांची अख्खी आळी होती. मग कोणी मुंबईले गेलं, कोणी थेट इस्राएलले. तिचा पोरगाही तिकडंच. आई, ये आता, म्हणून तो फोनवर रडे, अन् ही म्हणे, माही जागा इथं धरून ठेवली हाये. आमची भिंतीले भिंत. शनवारी त्यांच्या धर्मात विस्तव पेटवत नाहीत, म्हणून ती चूल पेटवे नाही, तिच्या चुलीत जाळ मीच घाली.

गावाबाहेर त्यांचं कब्रस्तान. नावं कोरलेले दगड कोणाले परवडले नाहीत. कबरीभोवती धोंडे रचलेले, अन् भेटीले जाणारानं फुलं नाही, वर एक खडा ठेवायचा. मावशीले पक्कं पाठ होतं, बाभळीपासून चौथी कबर हनोकची, तिच्या बाजूची मोकळी जागा तिची.

गुडघे गेले अन् तिचं जाणं थांबलं. झुडपं माजली. शेजारच्या वावराचे अर्जुनराव, माणूस देवासारखा. म्हणाले, मावशी, मी साफ करून देतो, पैशाचं नाव काढू नका. अन् केलं, अगदी स्वतःच्या वावरासारखं! बाभूळ मुळासकट काढली, गोटे वेचून धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, रचले, वरून ट्रॅक्टरचा रोटाव्हेटर फिरवला. मग मोठ्या हौसेनं मावशीले ऑटोत बसवून दाखवाले नेलं. मीही होती संगं.

जमीन तळहातासारखी. मावशीच्या मुठीत घरून आणलेला खडा. ती इकडं चालली, तिकडं चालली, परत फिरली. अर्जुनराव हसत उभे होते, शाबासकीची वाट पाहत. शेवटी तिनं मले विचारलं, "वच्छला, माहा माणूस कुठीसा हाये वं?"

अर्जुनरावांच्या ध्यानात आलं तसे ते मटकन खाली बसले. असा संताप आला होता मले, पण शिव्या घालू कोणत्या तोंडानं? आमच्याकडं जमीन साफ करणं म्हणजे गोटे वेचणंच. खडा तिनं परत घरी आणला.

पोळ्याच्या आधी ती गेली. पोराचं येणं जमलं नाही. मी तिले न्हाऊ घातलं, पांढऱ्या कपड्यात गुंडाळलं, तो खडा तिच्या मुठीत दिला. खड्डा अर्जुनरावांनीच खोदाले घेतला. हाडं लागली. हात जोडून बुजवला, दुसरीकडं खोदलं, तिथंही लागली. मग कोणाची हिंमत झाली नाही. धुऱ्याच्या कडेले, जिथं कधीच कोणी नव्हतं, तिथं तिले एकटीले ठेवलं. पोरानं फोनवरून प्रार्थना म्हटली. मग विचारलं, "काकू, आई बाबाच्या बाजूलेच हाये ना?"

मी हाव म्हटलं.