शुक्राकडे रोखलेली डिश

माझ्या नवऱ्याने उभी केलेली डिश सोसायटीच्या सेक्रेटरीने भंगारात घातली, तेव्हा मी यांच्याच दिवसकार्यासाठी कोकणात होते. हे मी विसरलेले नाही आणि विसरणारही नाही.

आम्ही दोघंही परवाना काढलेले हौशी रेडिओवाले. फुलपाड्यातल्या आमच्या इमारतीच्या गच्चीवर दोन हिवाळे खपून आम्ही जाळीची नऊ फुटी डिश बसवली होती. शुक्रावर सिग्नल सोडायचा आणि तिथून आपटून परत आलेला ऐकायचा, एवढंच वेड. शुक्र अगदी जवळ असला तरी सिग्नलला जाऊन यायला साडेचार-पाच मिनिटं लागतात. परदेशात हौशी लोकांनी अवाढव्य डिश वापरून हे जमवलंय. आमच्या डिशला ते ऐकू येणं जवळजवळ अशक्य, हे दोघांनाही ठाऊक होतं. तरी सिग्नल सोडला की हे कानाला हेडफोन लावून, घड्याळ हातात धरून, श्वाससुद्धा हळू घेत बसायचे.

मी परतले तर गच्ची मोकळी, आणि बोर्डावर नोटीस: "डिशच्या रेडिएशनमुळे रहिवाशांच्या आरोग्यास धोका असल्याने ती हटवण्यात आली आहे." खाली सेक्रेटरीची झोकदार सही. मी नोटीस काढली आणि घडी घालून साड्यांखाली ठेवली. भांडले नाही. मला घाई नव्हती.

वर्षभराने त्याच गच्चीवर मोबाईलचा टॉवर घ्यायचं ठरलं. वरच्या मजल्यावरच्या प्रत्येकाची सही लागणार होती. सेक्रेटरी पेढे घेऊन माझ्या दारात.

"वहिनी, एवढी सही करा. सगळ्यांचंच भलं आहे."

"सभेत बघू," मी म्हटलं. पेढे ठेवून घेतले.

सभेत मी ती नोटीस सावकाश वाचली, सहीसकट. मग विचारलं, "भाऊ, रेडिएशन फक्त आमच्याच डिशला होतं का?" मागे कोणीतरी हसलं. दोघांनी दिलेल्या सह्या मागे घेतल्या. टॉवर बारगळला. सेक्रेटरीचा उतरलेला चेहरा मी पोटभर पाहून घेतला.

नंतर भावाच्या निर्मळच्या वाडीत, केळीच्या कडेला, तशीच डिश पुन्हा उभी केली. शुक्र जवळ आला तेव्हा भर दुपारी सिग्नल सोडला, हेडफोन लावला, यांचं घड्याळ हातात घेतलं. ही पाच मिनिटं यांची होती. त्यांच्यासाठीच तर सगळं केलं होतं.

कानात नुसती खरखर. डोळ्यांपुढे मात्र सारखा सेक्रेटरीचा तो चेहरा. वेळ संपली तेव्हा लक्षात आलं, यांची एकदाही आठवण आली नव्हती. मेल्या सेक्रेटरीने ती पाच मिनिटंही नेली.