सोडलेल्या पोळ्यांचं मेण

राजमती ही चंद्रप्पांची थोरली सून. घर बेळगावजवळच्या एका खेड्यात, जैनांच्या गल्लीत. महायुद्ध चालू होतं आणि घासलेट मिळेनासं झालं होतं. त्या आषाढात तिची धाकटी जाऊ ब्राह्मी बाळंत झाली. वेळ दुपारची, पण आभाळ इतकं भरलेलं की बाळंतिणीच्या खोलीत काही दिसत नव्हतं. पणती वाऱ्याने विझायची, आणि हातात धरून वाकलं की तेल सांडायचं. मुलगी जगली. ब्राह्मीचं रक्त मात्र थांबलं नाही. किती जातंय हे सुईण गुणाबाईच्या ध्यानात आलं तेव्हा उशीर झाला होता.

सुतक फिटल्यावर राजमतीने गुणाबाईला गाठलं.

"उजेड असता तर वाचली असती का?"

"सांगता येत न्हाय, आक्का. पण मला दिसलं तर असतं." मग गुणाबाई म्हणाली, "बेळगावच्या कॅम्पात एका किरिस्तावाच्या घरी बाळंतपण केलतं. तिथं मेणबत्ती होती. खाटेच्या कडेला चिकटवली की दोन्ही हात मोकळं."

लढाईमुळे बाजारात मेणबत्त्याही नव्हत्या, म्हणून राजमतीने त्या घरीच करायचं ठरवलं. राजमतीचा नवरा रायगोंडा फारसं न विचारता तिला बेळगावच्या खडेबाजारात भरमू पत्रेवाल्याकडे घेऊन गेला. भरमूने पत्र्याच्या नळ्या ओळीने डाख देऊन जोडून साचा करून दिला. मेण जांबोटीच्या रानातला मष्णू आणून देणार होता. तो बाजारात मध विकायला बसत असे.

घरी सासऱ्यांनी साचा पाहिला.

"मध आपल्या घरात येत न्हाय. मग मेण कसं येतंय?"

राजमतीने स्वतः कधी मधाचं बोट चाटलं नव्हतं. पुढच्या बाजाराला तिने मष्णूला सरळ विचारलं, पोळं काढताना माशा मरतात का.

"मरत्यात की. जाळ लावाय लागतोय." मग तो म्हणाला, "पण पावसाच्या तोंडाला माशा आपणच उठून जात्यात. रिकामी पोळी तशीच लोंबत्यात. मध नसतोय म्हणून कोण काढत न्हाय."

"मला तेवढीच आण."

त्यासाठी वर्षभर थांबावं लागलं. मिरगाच्या आधी मष्णूने पोतं आणून ओसरीवर टाकलं. राजमती पोळी मोडायला बसली, तेव्हा चंद्रप्पा चष्मा घेऊन आले आणि समोर बसले. एकेक तुकडा उजेडाकडे धरून ते पोळ्याच्या बारीक घराघरांत बघत होते. अळी दिसली की "ह्यात जीव हाय," एवढंच म्हणून तो तुकडा बाजूला ठेवत. ते तुकडे त्यांनी परसातल्या फणसाखाली नेऊन ठेवले. बाकीच्याला त्यांनी होही म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही.

राजमतीने पोळी पाण्यात उकळली, फडक्यातून गाळली. गार झाल्यावर वर मेणाची पिवळी वडी धरली. नळ्यांतून वात ओवून, वर काडीला ताणून बांधून तिने मेण ओतलं. पहिला घाणा साच्याला असा चिकटला की मेणबत्त्यांचे तुकडेच हाती आले. दुसऱ्या वेळी तिने नळ्यांना आतून तेल लावलं. मेण बसून खड्डा पडला तिथे पुन्हा ओतलं, आणि साचा गार पाण्यात उभा केला. या वेळी मेणबत्त्या सरळ निघाल्या. गुणाबाईने त्या कापडात गुंडाळून नेल्या.

श्रावणात गल्लीतल्या नागोजींची सून शालूबाई बाळंतपणात अडली. निरोप आला तो राजमतीलाच. गुणाबाई नागोजींच्या दारात उभी होती. "खाट न्हाय, वाकळंवर हाय. मेणबत्ती धरायला कोण तरी पायजे."

ब्राह्मी गेल्यापासून राजमतीने बाळंतिणीच्या खोलीचा उंबरा ओलांडला नव्हता. ती आत गेली. मेण बोटांवर ओघळत होतं, तरी तिने हात हलवला नाही. मूल रडलं. तरीही गुणाबाई म्हणाली, "खाली धर. अजून खाली." तिने बघितलं आणि तळहाताने पोट चोळत राहिली. बऱ्याच वेळाने ती मागे टेकली. "रगत थांबलं."

राजमती भिजत घरी आली. चंद्रप्पा ओसरीवर होते.

"बाळंतीण?"

"बरी हाय, आप्पा."

त्यांनी तिच्या मेण चिकटलेल्या बोटांकडे पाहिलं. "आंघोळीला पाणी तापीवलंय," ते म्हणाले, आणि तिला वाट द्यायला उठून बाजूला झाले.